वरपक्ष उजवीकडे

माणसाने आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या हुशारीवर पुरता विश्वास टाकून बघावा. पुन्हा टाकायची वेळ येत नाही. मी तो टाकला तेव्हा जेमतेम तेविशीत होतो, हॉटेल मॅनेजमेंटचा कोर्स करून घरी परतलो होतो आणि मला रुमाल दुमडून हंस करता येत होता. भाकरी थापता येत नव्हती, कुकरची शिट्टी झाली की मी अजून दचकत होतो, पण हंस असा व्हायचा की आता उठून पाणी शोधायला निघेल असं वाटावं. एका मोठ्या हॉटेलात नोकरीही लागली होती. तिथे लग्नाच्या स्वागत समारंभात बर्फात कोरलेला मोर मी मोठ्या कौतुकाने हिरवळीवर, भर उन्हात मांडला. नवरानवरी येईस्तोवर त्याचं बदक झालं आणि फोटोवाल्याने कॅमेरा काढेपर्यंत तेही वाहून गेलं. दुसऱ्या दिवशी मी नाशिकच्या गाडीत होतो.

घरी आल्यावर आईने काहीच विचारलं नाही. समोर भरीत-भाकरी ठेवली आणि मी जेवतोय का एवढंच बघितलं. अप्पांनी मात्र जाहीर केलं, “कृपया इकडे लक्ष द्यावं. आपले चिरंजीव नियोजित वेळेच्या आधी आलेले आहेत.” अप्पा मूळचे नांदगावकडचे, आणि उभी हयात त्यांनी बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करण्यात काढलेली. नोकरी संपली तरी आवाज काही निवृत्त झाला नव्हता. आंघोळीचं पाणी तापलं, दूधवाला आला, वरचा नळ गेला, सगळं आम्हाला त्याच संथ, खणखणीत सुरात कळायचं, आणि नुसतं आम्हालाच नव्हे. पाथर्डी फाट्याच्या पुढे आमची रो-हाऊसची वसाहत, भिंतीला भिंत. आम्ही फोडणी दिली की शिंक शेजारच्यांना यायची आणि अप्पांनी आईला हाक मारली की दोन घरं सोडून तिसऱ्या घरातल्या बाई ओ द्यायच्या. दुपारी देवळालीकडून तोफांच्या सरावाचा दणका आला की मांडणीतली भांडी किणकिणायची. हातातलं काम न थांबवता आई तेवढ्यापुरता लोणच्याच्या बरणीवर तळवा ठेवायची, तापातल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

त्या घरात माझ्या डोक्यात शनिवारच्या पंगतीची कल्पना आली. म्हणजे खरं तर माझे मित्र जेवायला येत आणि हात धुता धुता म्हणत, काकू, तुम्ही हॉटेल का नाही काढत. मी म्हटलं, हॉटेल कशाला, घरच काय वाईट आहे. दर शनिवारी संध्याकाळी सोळा माणसं, आधी फोन करून येणारी, एकमेकांना न ओळखणारी, आमच्या हॉलमध्ये एका पंगतीत बसून आईच्या हातचं जेवतील. मोबाइलवर फोटो टाकले आणि तिसऱ्या आठवड्यापासून जागा पुरेना. शनिवार उजाडला की मी आणि अप्पा सोफा उचलून गच्चीवर नेत असू आणि रविवारी खाली आणत असू. तो सोफा बसण्यासाठी नसून चढण्या-उतरण्यासाठीच असतो अशी त्याची स्वतःचीही समजूत झाली असावी. आज एक मजला चढताना मला मध्येच थांबून कठड्याशी दोन गप्पा माराव्या लागतात, तेव्हा तो सोफा हटकून आठवतो.

प्रत्येक पंगतीला काही तरी विषय हवा, ही माझी अक्कल. आईचं म्हणणं होतं की जेवणाला भूक हा विषय पुरतो. पण मी शिकलेला होतो. पहिला विषय काढला तो डोळ्यांवर पट्टी बांधून जेवायचा, का तर म्हणे चव उजळते. एका वकीलसाहेबांनी चाचपडत शेजारच्या बाईंपुढची वाटी उचलली, घटाघटा प्यायले आणि सार उत्तम झालंय असा शेरा दिला. ते बोटं धुवायचं लिंबू-पाणी होतं. मग नागलीची पंगत केली. पेठकडून नागली आणली; भाकरी नागलीची, पापड नागलीचे, आंबील नागलीची, लाडूही नागलीचे. जेवण फर्मास झालं, लोक बोटं चाटत होते, पण फोटोत मात्र सोळा माणसं अत्यंत आनंदाने चिखल खाताना दिसत होती. आई तो फोटो पाहून इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

ती हसायला लागली होती, हे मी तेव्हा नीट नोंदवलंही नव्हतं. आज या वयात मागे वळून बघताना कळतं की त्या घरात खरं काय चाललं होतं. इतकी वर्षं तिने रांधलं आणि आम्ही खाल्लं कसं, तर पेपर वाचत, मॅच बघत, मोबाइल चाळत. मीठ कमी पडलं तर बोललो, बरोबर पडलं तेव्हा गप्प बसलो. आणि आता कुणी कंपनीतला साहेब, कुणी कॉलेजात शिकवणाऱ्या बाई जेवण झालं की हात पुसत स्वयंपाकघराच्या दाराशी यायच्या आणि तिला विचारायच्या की या काळ्या मसाल्यात असं काय आहे हो. आई पदराला हात पुसत सगळं सांगायची. खोबरं किती भाजायचं, कांदा गॅसवर ठेवून बाहेरून काळा होईपर्यंत कसा फिरवायचा, दगडफूल कधी टाकायचं. काही म्हणता काही हातचं राखायची नाही. शनिवारी सकाळपासून घरात तिचं गुणगुणणं ऐकू यायचं, आणि कोथिंबीर निवडताना ती खिडकीतून रस्त्याकडे बघायची, कोण कोण येईल म्हणून.

अशात एका संध्याकाळी बच्छाव साहेब आले. ते सोसायटीचे चेअरमन. सैन्यातून निवृत्त झालेले, शेवटची वर्षं देवळाली कॅम्पात काढलेली, मूळचे सटाण्याकडचे. पण ते बोलण्यावरून कुणाला ओळखू आलं नसतं. त्यांची मराठी कडक इस्त्रीची होती, घडी मोडू न देणारी. खुर्चीच्या कडेवर ताठ बसून त्यांनी सांगितलं की तक्रार आली आहे. शनिवारी गाड्या कुठेही लागतात, अनोळखी माणसं आत-बाहेर करतात, आणि अप्पांच्या घोषणांमुळे सतरा नंबरच्या गृहस्थांचा रक्तदाब वाढतो. रविवारी कमिटी बसणार होती आणि हे प्रकरण बंद करावं असं ते स्वतः सांगणार होते. वैयक्तिक काही नाही, नियम म्हणजे नियम. मी माझ्या कोर्समधली दोन-तीन इंग्रजी वाक्यं फेकून बघितली. त्यांनी माझ्याकडे, चुकीच्या रांगेत उभ्या असलेल्या शिपायाकडे बघावं तसं बघितलं. मग आई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, “शनिवारी तुम्ही आणि वहिनी जेवायला या. पाहुणे म्हणून. रविवारी मग काय ते बंद करा.” साहेबांनी जरा विचार केला आणि पाहणीला यायचं कबूल करावं तशा आवाजात हो म्हटलं.

ते गेल्यावर आईने मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या काढून पुसल्या. त्या पुसलेल्याच होत्या. परत लावताना माझ्याकडे न बघता म्हणाली, “बंद झालं तर मी शनिवारी काय करू रे?”

एवढं वाक्य ऐकून शहाण्या मुलाने तिला भाजी चिरू लागायला हवी होती. मी विषय शोधायला बसलो. साहेबांना खूश करायचं होतं, आणि जगात अशी एकच जेवणावळ आहे जिथे माणसाने काहीही केलं तरी त्याला खूशच करत राहतात. लग्नात मुलाकडच्यांना जेवायला बसवतात ती. मी ठरवलं, लग्नाची पंगत करायची, फक्त लग्नाशिवाय. हॉलमध्ये समोरासमोर दोन रांगा. उजवीकडे वरपक्ष, डावीकडे वधूपक्ष. वरपक्षाने ऐसपैस बसायचं, खोड्या काढायच्या, मान घ्यायचा. वधूपक्षाने उठून वाढायचं, हात जोडायचे आणि मागून जेवायचं. नवऱ्या मुलाचे वडील बच्छाव साहेब. त्यांच्यासाठी मी गुलाबी फेटा भाड्याने आणला, उजव्या रांगेच्या मधोमध चौरंगापाशी ठेवला. जेवण होईतो सोळातली निम्मी माणसं त्यांच्यापुढे वाकलेली असणार; रविवारी हा माणूस बंद करा म्हणेल तर कसा म्हणेल? रात्री झोपताना मला माझ्याच पाठीवर थाप मारावीशी वाटत होती, फक्त हात पोचत नव्हता.

शनिवारी आईने पहाटेपासून चूल पेटवावी तसा गॅस पेटवला होता. मसालेभात, वांग्या-बटाट्याची रस्साभाजी, अळूचं फदफदं, कोशिंबीर, भजी, मठ्ठा. आमच्याकडच्या लग्नात बुंदी लागतेच म्हणून बुंदी, आणि मला जिलेबी हवी म्हणून जिलेबी. सनईची ध्वनिफीत मी मोबाइलवर चढवली, पुठ्ठ्याच्या दोन पाट्या रंगवून भिंतींवर टांगल्या, अप्पांच्या हातात घोषणेचा कागद दिला, पाहुणे आले की बसवून घ्या म्हणालो आणि गरम जिलेबी आणायला स्कूटर काढली. फाट्यावर वाहतूक तुंबलेली. पायांमध्ये धरलेल्या पिशवीतून पाक गळत होता आणि मी मनातल्या मनात उद्याच्या सभेत माझं अभिनंदन स्वीकारत होतो. नेमकं कोणाला कुठे बसवायचं, हे अप्पांना सांगायचं राहून गेलंय, ही गोष्ट मला घराच्या दाराशी पोचल्यावर कळली. तीही त्यांच्याच तोंडून.

“कृपया इकडे लक्ष द्यावं,” आतून आवाज येत होता. “उजवीकडील पंगत वरपक्षाची आहे. वरपक्षाने जागा सोडू नये. डावीकडील पंगत वधूपक्षाची आहे. वधूपक्षाने उठून वाढायला घ्यावं. वधूपक्षाचं जेवण वरपक्षाचं झाल्यानंतर सुटेल.”

मी आत डोकावलो. उजवीकडे आठ बायका बसल्या होत्या. डावीकडे त्यांचे आठ नवरे; त्या दिवशी नेमकी सगळी जोडपीच आली होती. गुलाबी फेटा मंजिरीताईंनी घातला होता. त्या दातांच्या डॉक्टरांच्या पत्नी, आमच्याकडे दुसऱ्यांदा आलेल्या. त्यांच्या शेजारी निर्मलाकाकू, म्हणजे बच्छाव साहेबांच्या पत्नी, मांडीवर हात ठेवून बसलेल्या. आणि समोर, डाव्या रांगेच्या टोकाला, साहेब.

अप्पांना मी स्वयंपाकघरात ओढत नेलं. ते शांत होते. “पंगत म्हटल्यावर बाया एकीकडं, बापे एकीकडं. आपल्याकडं लग्नात असंच बसवतात ना. तू काय वेगळं सांगितलं होतं का?” मी नव्हतं सांगितलं. आई मठ्ठ्याला कोथिंबीर घालत होती. तिने माझ्या पँटवरच्या पाकाकडे बघितलं आणि मान हलवली. मी परत हॉलमध्ये येऊन हात जोडले, एक छोटासा बदल करू या, पाट्या उलट लावतो म्हणालो. मंजिरीताईंनी फेटा सावरला. म्हणाल्या, “बसलेली पंगत मोडत नसतात. आणि मुलाकडच्यांशी जरा जपून बोलायचं.” उजवी रांग हसली. डाव्या रांगेतल्या एकदोघांनी साहेबांकडे बघितलं, कारण हसायचं की नाही ते त्यांना ठरवता येईना.

साहेब उठले. त्यांना नियम वाचून दाखवला गेला होता, आणि नियम म्हणजे नियम. बाह्या दुमडून त्यांनी वरणाची बादली उचलली आणि दारूगोळा वाटावा तसं प्रत्येक पानावर नेमक्या जागी, एक थेंब इकडे-तिकडे न पडता वरण सोडत गेले. त्यांच्या मागे मीठ घेऊन दातांचे डॉक्टर, त्यांच्या मागे लिंबाच्या फोडी घेऊन एक द्राक्ष बागायतदार. आणि उजवी रांग सुटली. कुणी म्हणालं, मुलीकडच्यांचा मिठाला हात आखडता दिसतोय. कुणी म्हणालं, पाणी मागितल्याशिवाय मिळत नाही, आमच्या थोरल्याच्या लग्नात असं नव्हतं. बागायतदारांच्या बायकोने पापडाचा तुकडा वर धरून, हा मोडका वाढला, आमच्या मुलात काही खोट आहे का, असं विचारलं. बागायतदार धावत नवा पापड घेऊन आले. संसारात इतक्या चपळाईने ते कधी उठले नव्हते, असं त्यांच्या बायकोने शेजारणीला ऐकू जाईल इतक्या हळू सांगितलं. हॉलमध्ये नुसता दंगा चालला होता. एकमेकींना कधी न भेटलेल्या आठ बायका एकाच घरात नांदून आल्यासारख्या एका सुरात बोलत होत्या, आणि भुकेने कासावीस झालेले आठ पुरुष मसालेभाताचा वास घेत वाकून वाकून वाढत होते.

मग वरमाई कोण, असा प्रश्न निघाला. सगळ्यांत वडील म्हणून निर्मलाकाकूंना ढकलत चौरंगावर बसवलं. त्या नको नको म्हणत होत्या, पण जरा हसल्याही. साहेबांचा चेहराही मऊ पडलेला मला दिसला. त्यांनी पातेल्याशी उभं राहून चमचाभर रस्सा चाखला होता. वाढता वाढता ते आईकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “वहिनी, खोटं नाही बोलत. असं जेवण आमच्या घरी कधी शिजलंच नाही. आमच्या हिला वरण-भात सोडून काही जमत नाही.”

मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून हवेत मूठ उगारली. जिंकलो होतो. चेअरमन स्वतःच्या तोंडाने कबूल झाले होते. आईकडे बघून मी डोळे मिचकावले. ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती काकूंकडे बघत होती.

काकूंनी घास पानात परत ठेवला होता. डावा हात उचलून त्यांनी पानावर आडवा धरला, आणि जिलेबी घेऊन आलेल्या डॉक्टरांकडे न बघताच मान हलवली. मंजिरीताई म्हणाल्या, अगं बाई, वरमाई रुसल्या. उजवी रांग टाळ्या पिटू लागली. रुसवा हा तर लग्नाचा मानच, माझ्या बेतात तो होताच. मी ताबडतोब तबक सजवून पुढे झालो. शाल सापडेना म्हणून नवा टॉवेल घडी करून ठेवला, त्यावर नारळ, त्यावर रुमालाचा हंस. गुडघ्यावर बसून, वरमाईंनी गोड मानून घ्यावं, असं नाटकी आवाजात म्हणालो. काकू हंसाकडे बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरलेले होते, आणि माझी बडबड चालूच होती. तेवढ्यात मागून आईने माझा दंड धरला, चांगला करकचून.

“गप. आता खेळ नाही हा.”

हळूहळू ते सगळ्यांच्याच लक्षात आलं. टाळ्या विरल्या. सनई तेवढी चालू होती, ती अप्पांनी बंद केली. साहेब बादली हातात धरून रांगेच्या मध्ये उभे होते. बायको सोळा माणसांत अडून बसली आहे हे त्यांना दिसत होतं, आणि ते चिडले तर उद्या सकाळी आमच्या घराला कुलूप लागल्यातच जमा होतं, हे मला दिसत होतं. ते म्हणाले, “निर्मला, जेव. लोक खोळंबलेत.” काकू हलल्या नाहीत. मंजिरीताईंनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या की साहेब, वधूपक्षाने असा हुकूम सोडायचा नसतो, खाली बसून विचारायचं असतं. मग दारातून अप्पा बोलले. त्यांच्या आयुष्यातली बहुधा ही एकमेव हळू आवाजातली घोषणा. “साहेब, आमचं काय चुकलं, असं विचारतात.”

साहेबांनी बादली खाली ठेवली. एक गुडघा टेकवला, तो कटकन वाजला, मग दुसरा. चौरंगासमोर ते जमिनीवर बसले, त्यामुळे काकू त्यांच्यापेक्षा वर आल्या. घसा साफ करून त्यांनी परकी भाषा बोलावी तसे ते शब्द एकेक करून उच्चारले.

“आमचं काय चुकलं?”

काकूंनी पानावरचा हात काढला नाही, पण बोलल्या. आमच्या वसाहतीत इतकी वर्षं त्या हिंदी मिसळलेली बेताची मराठी बोलायच्या. त्या दिवशी अहिराणी बोलल्या. “मना हातना मांडा तुम्ही कधी खादात?”

पुढचं त्या भराभर बोलल्या, ते सगळं मला तेव्हा समजलं नाही, आईने नंतर सांगितलं. माहेरी खापरावरचे पुरणाचे मांडे करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. गावात कुणाकडे कार्य असलं की या लहान वयातल्या मुलीला बोलावणं यायचं. लग्न झालं आणि एका छावणीतून दुसऱ्या छावणीत बिऱ्हाडं हलत राहिली. क्वार्टरमध्ये चूल कुठली, खापर कुठलं, साहेबांना सवय मेसच्या जेवणाची आणि वर आम्लपित्त. साधं कर, असं ते म्हणाले, म्हणून त्यांनी साधं केलं. आणि साधं करता करता, हिला काही येतच नाही, असं घरादाराने ठरवून टाकलं. ते एकदा थट्टेत म्हटलं, दहादा म्हटलं, आज परक्या बायकांसमोर म्हटलं. आता त्यांना मान हवा होता. शाल नको, नारळ नको. पुढच्या शनिवारची पंगत त्यांच्या घरापुढे, त्यांच्या हातच्या मांड्यांची. आणि चूल साहेबांनी पेटवायची.

माझा दंड आईने अजून सोडला नव्हता. साहेब काकूंकडे बघत होते, बऱ्याच दिवसांनी बघावं तसे. त्यांच्या कपाळावरचा घाम वरणाच्या वाफेचा होता की कशाचा, सांगता येणार नाही. मग त्यांची सगळी इस्त्री मोडली आणि आतून सटाणा बाहेर आला.

“नही खादा,” ते म्हणाले. पानावरच्या हाताकडे बघून म्हणाले, “खासू.”

खाईन, एवढाच त्याचा अर्थ. काकूंनी हात उचलला. आधी डोळे पुसले, मग नाक, मग जिलेबीच्या ताटाकडे बोट करून, दोन वाढा म्हणाल्या. उजव्या रांगेने असा गलका केला की सतरा नंबरच्या गृहस्थांनी खिडकी लावल्याचा आवाज मला स्पष्ट आला. साहेबांना उठवायला दोघांना हात द्यावा लागला. पुरुष जेवायला बसले तेव्हा बायकांनी नियम मोडून वाढायला घेतलं, आणि साहेबांच्या पानात काकूंनी मसालेभाताचा असा डोंगर रचला की पलीकडचा माणूस दिसेना. आम्लपित्ताचं नाव त्यांनी काढलं नाही.

रविवारच्या सभेला मी मागच्या खुर्चीवर, जामिनावर सुटल्यासारखा बसलो होतो. सतरा नंबरच्या गृहस्थांनी विषय मांडला. साहेबांनी तो ऐकून घेतला आणि सांगितलं की येत्या शनिवारी त्यांच्या स्वतःच्या पोर्चमध्ये काही काम आहे, तेव्हा हा विषय पुढच्या सभेत घेऊ. पुढच्या सभेतही तो पुढच्याच सभेत गेला. माझ्या माहितीप्रमाणे तो अजून प्रवासात आहे.

त्या शनिवारी मी सकाळीच ‘सटाण्याची सांज’ अशी पाटी रंगवून काकूंच्या फाटकावर लावली. त्यांनी ती काढली, छान रंगवलीय म्हणाल्या आणि मोडून चुलीत सारली; ओली लाकडं पेटत नव्हती. विटांच्या चुलीवर मोठं खापर पालथं घातलेलं. काकूंनी पदर खोचला, पुरण भरलेला उंडा दोन्ही तळव्यांवर घेतला आणि हात असे फिरवायला सुरुवात केली की तो त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत पसरत, पातळ होत गेला, पलीकडचा बांगड्यांचा रंग दिसायला लागला. आणि फाटणार असं वाटेपर्यंत तो खापरावर पडलेला असायचा. हात चालू, तोंड चालू. त्या सगळ्यांशी अहिराणीतच बोलत होत्या आणि सगळ्यांना समजत होतं. शेजारी बसून आई उंडे भरून देत होती. आपल्या पुरणात वेलची जास्त होते, हे तिने त्या दिवशी आपण होऊन कबूल केलं. मलाही एकदा करून बघू द्या म्हणून मी हट्ट धरला. माझ्या हातावरचा मांडा कोपरापर्यंत आला, तिथे थांबला नाही, खांद्यावर चढला आणि मान ओलांडून पाठीवरून उतरला. तो काढायला दोघी लागल्या.

साहेब चुलीशी होते. बनियनवर, डोळे लाल, हातात फुंकणी. धूर वसाहतभर पसरला होता. सतरा नंबरचे गृहस्थ नाकाला रुमाल लावून तक्रार करायला आले. साहेबांनी मान वर न करता सांगितलं की लेखी द्या, आणि तोवर बसा, पुढचा मांडा तुमचा. ते बसले. तीन खाऊन उठले, आणि लेखी काही दिलं नाही.

सगळी माणसं जेवून हात धुवायला गेल्यावर साहेब पायरीवर बसले. काकूंनी त्यांच्या ताटात मांड्याची घडी ठेवली, वर तूप सोडलं, वाटीत दूध दिलं आणि कोपरापर्यंत पीठ लागलेले हात तसेच धरून बाजूला उभ्या राहिल्या. कसा झालाय, असं त्यांनी विचारलं नाही. आम्ही भांडी गोळा करायचं निमित्त करून तिथेच घुटमळत होतो, अप्पासुद्धा. साहेब सावकाश जेवले. शेवटचा घास दुधात बुडवून खाल्ला, बोटं पुसली. मग चुलीकडे बघितलं. निखाऱ्यांवर पाणी मारायला मी तांब्या उचलला होता.

“थांब,” साहेब मला म्हणाले. “चूल विझवू नको.” आणि रिकामं ताट काकूंपुढे केलं.